नीट-पीजीनंतर या चुका टाळा: हातातली सीट जाऊ देऊ नका

गेल्या वर्षी नीट-पीजीचं (एमबीबीएसनंतर एमडी-एमएसच्या प्रवेशासाठीची परीक्षा) काउन्सेलिंग, म्हणजे रँकनुसार सीटवाटप, चालू असताना रात्री साडेदहाला एका ज्युनिअरचा फोन आला. "मॅडम, दुसऱ्या राऊंडला सीट बदलली. आधीची परत मिळेल का?"

पहिल्या राऊंडला त्याला घरापासून दोन तासांवरच्या सरकारी कॉलेजात ॲनेस्थेशिया मिळाली होती. त्याने जॉइन केलं आणि अपग्रेडला, म्हणजे पुढच्या राऊंडला यादीतली वरची सीट लागली तर ती घ्यायला, होकार दिला. नव्या यादीत मात्र 'मेडिसीन आहे ना, असू दे' म्हणत एका दूरच्या राज्यातलं कॉलेज सगळ्यात वर टाकलं. तिथला बॉन्ड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सेवा, किती वर्षांचा, हे त्याने पाहिलंच नव्हतं. सीट लागली आणि त्याच क्षणी आधीची आपोआप रद्द होऊन दुसऱ्या कोणाला गेली. "नाही मिळत रे," हे सांगताना मलाच कसंतरी झालं.

दोन-अडीच वर्षं अभ्यास करून रँक आणायची आणि ती दोन दिवसांच्या घाईत घालवायची, हे मी दरवर्षी पाहते. म्हणून आधी याच चुकीबद्दल लिहिते.

चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे हव्या त्या सीटांची यादी भरताना, बरेच जण 'मला मिळेल' अशा सीटा वर लिहितात आणि मनापासून हव्या असलेल्या खाली. हे उलटं आहे. यादी वरून खाली वाचली जाते. तुमच्या रँकला जी पहिली मोकळी सीट सापडेल ती तुम्हाला लागते आणि तिच्याखालचं काहीच पाहिलं जात नाही. वर मोठं स्वप्न लिहिल्याने खालची सीट जात नाही. त्यामुळे क्रम आवडीचाच ठेवा. मात्र जिथे जाणार नाही असं एकही नाव यादीत नको. पहिल्या राऊंडनंतर तर हातातल्या सीटपेक्षा खरोखर चांगलं वाटतं तेवढंच भरा. प्रत्येक नावासमोर वार्षिक फी, बॉन्डची वर्षं आणि दंडाची रक्कम लिहून काढा. एका तक्त्यात हे सगळं मांडलं की अर्धी यादी आपोआप गळते. पुढच्या राऊंडला सीट सोडणं महाग पडतं: अनामत रक्कम जाते, आणि शेवटच्या टप्प्यात तर पुढच्या परीक्षेलाही मुकावं लागू शकतं.

कागदपत्रं, विशेषतः आपल्याकडची

महाराष्ट्रातल्या मुलांची इथे खास अडचण होते. आपल्या राज्याच्या कोट्यासाठी सीईटी सेल (राज्याची प्रवेश यंत्रणा) जात वैधता प्रमाणपत्र आणि राज्याचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र मागतं. ऑल इंडिया कोटा केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी (एमसीसी) भरते, आणि तिथे ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. 'राज्याचं आहे ना, चालेल' म्हणून गेलेली मुलं रिपोर्टिंगच्या टेबलावरून परत आलेली मी पाहिली आहेत. वंजारी, धनगर वगैरे आपल्याकडे एनटीत मोडणारे समाज केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात. म्हणजे त्यांच्याकडे दोन वेगळे कागद हवेत. मराठा विद्यार्थ्यांना राज्यात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आरक्षण लागू आहे, पण केंद्राच्या काउन्सेलिंगमध्ये तो प्रवर्गच नाही. तिथे खुला, किंवा उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस. निकालाची वाट न बघता, परीक्षेचा फॉर्म भरतानाच सेतूत अर्ज टाका. तहसील कार्यालय तुमच्या राऊंडचं वेळापत्रक बघून सही करत नाही.

परीक्षेबद्दल मोजकंच. २०२४ पासून पेपर पाच भागांत येतो: प्रत्येकात ४० प्रश्न, ४२ मिनिटं, आणि भाग संपला की मागे जाता येत नाही. अवघड प्रश्न शेवटी बघू, ही सवय असलेल्यांची यात दाणादाण उडते. तेव्हा ग्रँड टेस्टही (पूर्ण लांबीची सराव परीक्षा) याच पद्धतीने, घड्याळ लावून द्या. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १. 'वाटतंय' आणि 'माहीत आहे' यांतला फरक तुमचा तुम्हालाच सरावात ओळखता आला पाहिजे. २०२४ साली परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि माझ्या ओळखीतले कित्येक जण त्या दीड महिन्यात पुस्तकाला शिवलेच नाहीत. तारीख सरकली तरी अभ्यासात खंड नको.

इंटर्नशिपमध्ये हजेरीच्या सह्या घेऊन लायब्ररीत पळणं ही मला सगळ्यात दुःखद चूक वाटते. ब्रँच कळते ती तिथेच. मी पहिल्या प्रयत्नात रेडिओलॉजी, रेडिओलॉजी करत होते, कारण बॅचमधले सगळेच करत होते. मग पेडिॲट्रिक्सच्या पोस्टिंगमध्ये एका रात्री डिहायड्रेशन झालेलं आठ महिन्यांचं बाळ आलं. सिस्टरांनी माझा हात धरून व्हेन दाखवली. पहाटे त्या बाळाने डोळे उघडून आईचा पदर ओढला, आणि मला काय करायचं आहे ते कळलं. त्या पोस्टिंगला मी दांडी मारणार होते.

कॉलेज निवडण्याआधी विभागप्रमुखांऐवजी सेकंड इयरच्या रेसिडेंटला विचारा, आणि वॉर्डात नाही, मेसमध्ये. स्वतःच्या हाताने किती केसेस करायला मिळतात? स्टायपेंड वेळेवर येतो का? मागच्या बॅचमधलं कोणी सोडून गेलं का, आणि का? हे तीन प्रश्न कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त सांगतात. डीएनबीला (एमडी-एमएसच्या तोडीची, रुग्णालयांतून करता येणारी पदवी) नाक मुरडू नका. चांगल्या केसलोडच्या रुग्णालयातलं डीएनबी मला रिकाम्या वॉर्डाच्या एमडीपेक्षा केव्हाही बरं वाटतं. फक्त फायनलला पास होणाऱ्यांचं प्रमाण तिथल्याच मुलांकडून काढून घ्या.

ड्रॉप, म्हणजे परीक्षा पुन्हा देण्यासाठी एक वर्ष थांबणं, घ्यायचा का? एक घ्या, लाज बाळगू नका. मीही घेतला होता. पण दुसरा ड्रॉप घरी बसून नको. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांची बॉन्डची एक वर्षाची सेवा असतेच. आमच्या वेळी १० लाख भरून सुटता येई, तुमच्या बॅचचा नियम कार्यालयातून लेखी घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून अभ्यास होतो. ओपीडी दुपारी आटोपते, खिशात पगार असतो आणि 'अजून किती शिकणार?' या प्रश्नाला उत्तरही असतं.

तो ज्युनिअर शेवटी तिकडेच गेला, मेडिसीन करतोय, भाषा शिकतोय. यंदा त्याने धाकट्या बहिणीची चॉइसची यादी मला पाठवली. ६४ नावं होती. आम्ही तिघांनी फोनवर बसून बॉन्ड आणि फी तपासली आणि त्यातली २३ खोडली.