उपग्रह प्रतिमांच्या कॅलिब्रेशनची कार्यशाळा : या चुका टाळा

प्रतिमेतल्या अंकांवरून खरी भौतिक मूल्ये काढणे आणि ती तपासणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्याच्या कार्यशाळांमध्ये शिकवताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते: प्रतिमा पडद्यावर स्वच्छ दिसली की ती मोजमापालाही योग्य आहे, असे गृहीत धरले जाते. पिक्सेलमधला अंक साठवणुकीच्या सोयीसाठी बदललेला असतो आणि त्यातून परावर्तकता (पडलेल्या प्रकाशापैकी परत फेकला गेलेला वाटा) कशी काढायची, हे प्रतिमेची माहिती देणाऱ्या सोबतच्या मेटाडेटा फाइलमध्ये दिलेले असते. ती फाइल न उघडता काम सुरू करणाऱ्यांना मी दर वेळी थांबवतो.

एका कार्यशाळेत एका गटाने सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून काही वर्षांचा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक: निकट-अवरक्त आणि लाल परावर्तकतेतला फरक भागिले त्यांची बेरीज) काढला होता. 2022 च्या सुरुवातीला आलेख एकदम कोसळला होता आणि त्यामागे दुष्काळ, वृक्षतोड अशी कारणेही सादरीकरणात मांडून झाली होती. मी त्यांना एकाच पिक्सेलचे मूळ अंक फळ्यावर लिहायला सांगितले: लाल बँडमध्ये (तरंगलांबीच्या पट्ट्यात) 1500, निकट-अवरक्त बँडमध्ये 4000. 25 जानेवारी 2022 पासून, म्हणजे प्रक्रियेच्या 04.00 या आवृत्तीपासून, या अंकांत 1000 मिळवलेले असतात, जेणेकरून गडद पृष्ठभागांवर शून्याखाली जाणारी मूल्ये कापली जाऊ नयेत. ते आधी वजा करून मग 10000 ने भागले, तर परावर्तकता 0.05 आणि 0.30 येते आणि एनडीव्हीआय 0.71. गटाने मूळ अंकच सूत्रात घातल्यामुळे त्यांना 0.45 मिळाला होता. सूत्राच्या अंशस्थानच्या वजाबाकीत ते 1000 उडून जातात, पण छेदातल्या बेरजेत 2000 होऊन बसतात. झाडे जागच्या जागी होती.

यावर केवळ तारीख पाहणे पुरेसे नाही, कारण जुन्या प्रतिमाही नव्याने प्रक्रिया करून उपलब्ध झाल्या आहेत. आवृत्तीचा क्रमांकच पाहावा. उलट, गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन व्यासपीठावरच्या ‘हार्मोनाइझ्ड’ संचात ही तफावत आधीच दूर केलेली असते, तिथे पुन्हा 1000 वजा करणारेही भेटतात. कोणतीही स्क्रिप्ट चालवण्याआधी मी एक पाण्याचा आणि एक दाट झाडीचा पिक्सेल कागदावर हाताने सोडवतो. घाईच्या नवशिक्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते ज्याला एक पिक्सेल सोडवता येत नाही, त्याने संपूर्ण प्रतिमेवर काम करू नये.

लँडसॅट-8 या अमेरिकी उपग्रहाच्या पहिल्या स्तराच्या (लेव्हल-1) प्रतिमांत अंकाला 0.00002 ने गुणून 0.1 वजा केल्यावर सूर्याच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाच्या) साइनने भागावे लागते. कोन अंशांत असतो आणि बहुतेक प्रोग्रॅम रेडियन धरतात; 60 अंशांचा साइन 0.87 ऐवजी उणे 0.30 आला, तर हेच कारण समजावे. सेंटिनेल-2 च्या एल1सी (वातावरणाची दुरुस्ती न केलेल्या) प्रतिमांत सूर्यकोनाची दुरुस्ती आधीच झालेली असते, ती पुन्हा करू नये. कडेचे शून्य अंकांचे पिक्सेल सरासरीत घेऊ नयेत.

दुसरी, मला सर्वांत खटकणारी चूक क्षेत्रमापनाच्या दिवशी, म्हणजे प्रतिमेशी ताडण्यासाठी जमिनीवर जाऊन परावर्तकता मोजताना होते. ज्याच्याशी तुलना करून जमिनीची परावर्तकता काढतात, त्या पांढऱ्या संदर्भ फलकाला लोक सहज बोट लावतात, तो जमिनीवर तिरका ठेवतात आणि फिकट कपडे घालून त्याच्याजवळ उभे राहतात. बोटांचे तेल फलकाची परावर्तकता बदलते आणि कपड्यांवरून उडालेला प्रकाश फलकावरही पडतो व जमिनीवरही, पण सारख्या प्रमाणात नाही. एकदा सकाळी फलकाचे एकच वाचन घेऊन तासभर माती मोजलेली मी पाहिली आहे. मध्ये विरळ ढग येऊन गेले आणि अखेरीस तीच माती दोन वेगळ्या जागांची असल्यासारखी दिसू लागली. ते सगळे मोजमाप टाकून द्यावे लागले. मी फलक हातमोजे घालूनच धरतो, पाणसळीने सपाट करतो, सूर्याकडे तोंड करून उभा राहतो आणि प्रत्येक मोजणीसंचाच्या आधी व नंतर फलकाचे वाचन घेतो. दोन वाचनांत फरक दिसला की तो संच तिथेच रद्द करतो. फलकाची परावर्तकता 1 धरण्याचा सोपा मार्गही घेऊ नये. प्रत्येक तरंगलांबीसाठीचा आकडा त्याच्या प्रमाणपत्रात असतो आणि जुन्या, मळलेल्या फलकाचा आकडा पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

उपग्रह जाण्याची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. दुपारी उशिरा घेतलेले मोजमाप सकाळच्या प्रतिमेशी ताडून ‘प्रतिमेत दोष आहे’ असा निष्कर्ष काढणारे दर कार्यशाळेत असतात.