खोट्या साखरपुड्याची प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

कोकणात घडणारी, खोट्या साखरपुड्याची प्रेमकथा दिवाळी अंकाच्या निवडीला हमखास येते. एकाच्या मनात अपराधाचा सल, दुसरीचं कुणीतरी गेलेलं. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच त्या चुकांनी चांगल्या कथा वाया गेलेल्या पाहवत नाहीत.

पहिली चूक कारणाची. मित्राशी पैज लागली, ऑफिसात दाखवायला कुणीतरी हवं होतं. एवढ्यासाठी दुःखातली माणसं दोन घरांना फसवत नाहीत. खरं कारण आपल्या रीतींतच आहे. घरात वडील गेले की मोठी माणसं म्हणू लागतात, वर्षाच्या आत कार्य उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. वडील शिमग्याच्या सुमारास गेलेत असं धरा. मुलगी अजून रडलीसुद्धा नाही आणि स्थळं यायला लागली. अशी मुलगी खोट्या साखरपुड्याला तयार होईल. तो आषाढी एकादशीच्या आधी करा. पुढे चातुर्मास, तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्ताची घाई कुणी करत नाही. मधे गणपतीला चाकरमानी येतात आणि घरभर प्रश्न विचारत फिरतात.

दुसरी चूक मला सगळ्यांत जास्त खुपते. अपराधभाव शेवटच्या पानांसाठी राखून ठेवायचा आणि एका वाक्यात पुसून टाकायचा.

एका नवोदित लेखिकेची कथा आली होती. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात नायकाचा थोरला भाऊ होडीसकट गेला. त्या फेरीला जायचं होतं नायकाने; त्याने तब्येतीचं निमित्त केलं. विषय अस्सल, त्या वादळात कोकणातले खलाशी खरोखरच परतले नाहीत. पण हा भाऊ शेवटून दुसऱ्या पानापर्यंत कथेत नाहीच. तिथे नायक रडतो, नायिका म्हणते, ‘तुझी काही चूक नव्हती,’ आणि पुढच्या परिच्छेदात दोघं पुळणीवर हातात हात घालून. मी फोनवर एवढंच विचारलं, प्रेत मिळालं का? तिने तो विचार केलाच नव्हता. कथा पाठवायची तारीख तोंडावर आलेली. म्हणाली, ‘एक वाक्य टाकते.’

एका वाक्यात ते मावत नाही. दर्यात गेलेल्या माणसाचं प्रेत मिळालं नाही की घर अधांतरी राहतं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मृत धरू शकतो, पण घराने तोवर काय करायचं? दर्भाचा पुतळा करून क्रिया करावी की वाट पाहावी, यावर घरातच दोन तट पडतात. वहिनीने मंगळसूत्र काढायचं का? अशा घरात साखरपुडा येतो. नारळ, साखरेचा पुडा, साडी मांडलेली, आणि सवाष्णी ओटी भरायला उठतात. वहिनीने उठायचं की नाही? तिला थांबवणार कोण? हे सगळं आपल्यामुळे झालं असं ज्याला वाटतं तो नायक समोर पाटावर बसलाय, आणि बोटात जाणारी अंगठीही खोटीच. आता त्याने अपराध बोलून दाखवायची गरजच उरत नाही.

लेखिकेने ती तारीख सोडली आणि हा प्रसंग लिहून काढला. त्यात वहिनी उठते, कुणी काही बोलत नाही, आणि सासू तिच्या हातात कुंकवाची कोयरी देते. घाई केली असती तर ही कोयरी तिला सुचली नसती.

माझी सवय सांगते. अपराधाचं कारण वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाकायचं. समोरच्या पात्राला मात्र उशिरा कळू द्यायचं. गुपितापेक्षा ते लपवताना होणारी ओढाताण वाचायला लोक थांबतात.

कथा सिंधुदुर्गातली असेल तर गाऱ्हाणं गाळू नका. देवापुढे नारळ ठेवून दोघांच्या संसारासाठी मागणं होतं, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. खोटं बोलणाऱ्या दोघांनाही ते म्हणावं लागतं. हे सोडून थेट अंगठीच्या फोटोवर उडी मारणारे लेखक हातचा प्रसंग घालवतात.

नायकाला जुलैत ट्रॉलरवर पाठवू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते.

दापोलीच्या माणसाच्या तोंडी मालवणी घालू नका.

प्रेम जुळलं म्हणजे दुःख संपलं असंही नाही. वडिलांचं वर्षश्राद्ध दोघं एकत्र आल्यानंतर येऊ द्या, आणि त्या दिवशी नायिकेला त्याच्याशी बोलावंसंही वाटू नये.

शेवटचं, साखरपुडा मोडण्याबद्दल. अंगठी समुद्रात भिरकावू नका. साडी, अंगठी परत जाते आणि ती न्यायला वडीलधारं माणूस लागतं. नायिकेचा मामा पिशवी घेऊन दुपारच्या एसटीत बसला, की दोघांना खरं बोलायला एसटी त्या गावी पोचेपर्यंतचाच वेळ उरतो. त्यांना तेवढ्यातच बोलायला लावा.