विनोदी सिनेमा जमला की फसला, हे कसं पारखावं

गेल्या गणपतीत नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पांढरा पडदा बांधून 'अशी ही बनवाबनवी' दाखवला. सिनेमा १९८८चा. समोर बसलेल्यांत तो पहिल्यांदा पाहणारी फक्त चार-पाच वर्षांची पोरं असतील. तरीही लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती पदर सावरत घरमालकिणीसमोर उभी राहिली आणि तिने तोंड उघडायच्या आतच पार्किंगभर हशा पिकला. त्याच आठवड्यात मी मल्टिप्लेक्समध्ये एक नवा विनोदी सिनेमा पाहिला होता. त्यातही एक पुरुष साडी नेसून येतो. तिथे कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी पिशवीतून बाटली काढली, घोटभर पाणी प्यायल्या आणि मोबाइलवर किती वाजले ते पाहिलं.

साडी दोन्हीकडे होती, मग हसू एकाच ठिकाणी का आलं? हे शोधता येतं, आणि त्यासाठी समीक्षक असायची गरज नाही. 'मजा आली' किंवा 'बोअर झालं' याच्या पुढे जाऊन का, ते सांगता यावं, एवढ्यासाठी ही पद्धत. गेली काही वर्षं मी ती स्वतः वापरतो आहे.

आधी बघायचं कुठे आणि कसं, ते ठरवा

विनोदी सिनेमा एकट्याने, मोबाइलवर, जेवता जेवता पाहून मत बनवू नका. हसू एकाचं दुसऱ्याला लागतं. भरलेल्या थिएटरात जो विनोद टाळी घेतो, तोच रिकाम्या खुर्च्यांत पडतो, आणि यात सिनेमाचा दोष नसतो. शुक्रवारी दुपारी बारा माणसांत पाहिलेल्या सिनेमावर निकाल देण्यापेक्षा रविवारच्या संध्याकाळच्या शोला जा, जिथे आजी, कॉलेजची मुलं आणि कडेवरची बाळं एकाच रांगेत असतात.

सोबत छोटी वही आणि पेन्सिल न्या. मोबाइलवर नोंदी करू नका, उजेडाने मागच्यांना त्रास होतो. अंधारात फक्त खुणा करायच्या: नुसतं ओठांवर हसू आलं तर एक रेघ, थिएटर मोठ्याने हसलं तर दोन रेघा, टाळी पडली तर फुली. शेजारी प्रसंगाची आठवण राहील असा एखादा शब्द, बस. इंटरव्हलला बाहेर येऊन बाकीचं लिहा. महत्त्वाचं हे की 'इथे विनोद होता' हे कळलं म्हणून खूण करायची नाही. हसू खरंच आलं तरच खूण. पहिल्या दिवशी हा फरक पाळणं अवघड जातं, कारण विनोद समजल्याचंही एक समाधान असतं आणि ते हसण्यासारखंच वाटतं.

प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा

घरी आल्यावर वही उघडा आणि प्रत्येक रेघेपाशी विचारा: या क्षणी या पात्राला काय हवं होतं, आणि ते मिळालं नसतं तर त्याचं काय गेलं असतं?

'बनवाबनवी'त उत्तर लगेच मिळतं. चार मित्रांना पुण्यात राहायला जागा नाही, आणि जी आहे ती फक्त लग्न झालेल्या जोडप्यांना. म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. सोंग उघडं पडलं तर चौघंही रस्त्यावर. त्यामुळे पदर घसरला की नुसता पदर घसरत नाही, डोक्यावरचं छप्पर हलतं. आपल्याला गोष्ट पाठ असली तरी हसू येतं ते यामुळेच. पुढे काय होणार हे माहीत असूनही त्या माणसाची धडधड आपल्यापर्यंत पोचते.

आता आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण त्या काळात सिनेमात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. तिथेही पुरुष आणि साडी होतीच, पण तो विनोद नव्हता आणि तसा कुणाचा हेतूही नव्हता. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो की मला हे हमखास आठवतं. वेश स्वतः हसवत नाही. लपवण्यासारखं काही असेल आणि ते उघडं पडायची भीती असेल, तर हसवतो. मी मल्टिप्लेक्समध्ये पाहिलेल्या त्या सिनेमात नायक साडी नेसतो ते मित्राशी पैज लागली म्हणून. पैज हरला असता तर एक पार्टी द्यावी लागली असती. काकूंनी घड्याळ पाहिलं ते काही उगाच नव्हे.

वहीतल्या ज्या खुणांना या प्रश्नाचं उत्तर मिळतं त्यांना गोल करा. फसलेल्या सिनेमात गोल फार थोडे निघतात. नुसत्या कोट्यांनी, शाब्दिक विनोदांनी मिळालेल्या रेघा सुट्या पडलेल्या दिसतात, मण्यांत दोरा नसल्यासारख्या.

पात्रांना विनोदाचा पत्ता लागलाय का, ते बघा

'जाने भी दो यारो' (१९८३) या कुंदन शाह यांच्या सिनेमात शेवटाकडे एक प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन पोचतं. ज्याला त्याला ते प्रेत ताब्यात हवंय आणि स्टेजवरच्या नटांना आपलं नाटक कसंबसं पार पाडायचंय. प्रत्येकजण जिवाच्या आकांताने आपापलं काम करतो आहे. गंमत आपल्याला दिसते, त्यांना नाही. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन तर पडद्यावर सहसा हसतच नसे.

उलट जिथे नट वाक्य टाकून आपल्याकडे 'बघा, कसं म्हटलं' अशा नजरेने पाहतो, भुवया उडवतो आणि वर पार्श्वसंगीतात 'टुंईंग' वाजतं, तिथे समजा की दिग्दर्शकाचा प्रसंगावर विश्वास नाही. असे 'टुंईंग' मोजा. दर दोन मिनिटांनी एक येत असेल तर पुढचं फार तपासायची गरज उरत नाही.

हशाला जागा ठेवली आहे का

ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि बहुतेक प्रेक्षक इथेच फसतात. सिनेमा चांगला असूनही आपण त्याला नावं ठेवतो किंवा याच्या उलट होतं, ते या जागेमुळे.

कालिदास कलामंदिरात एखादं विनोदी नाटक पाहा. मुरलेला नट वाक्य टाकतो, हशा येतो आणि तो थांबतो. हातातला कप बशीत ठेवतो, उगाच खिसा चाचपतो. हशा वर चढून उतरू लागला, पण पुरता विरला नाही, अशा नेमक्या वेळी पुढचं वाक्य येतं. नाटकवाले याला लाफ्टर घेणं म्हणतात. फार लवकर बोललं तर पुढचं वाक्य हशात बुडतं, उशीर केला तर प्रयोग बसतो. नाशिकचे प्रेक्षक आणि परगावचे प्रेक्षक यांत हा थांबा वेगळा असतो, आणि नट तो दर प्रयोगाला बदलतो.

सिनेमाला हे जमत नाही. एकदा कापलेला थांबा सगळ्या थिएटरांत तेवढाच राहतो. म्हणून तो आधी मोजावा लागतो. मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांनी 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९३५) करताना त्यातले प्रसंग आधी गावोगाव स्टेजवर करून पाहिले. कुठे हसतात, किती वेळ हसतात, कोणतं वाक्य पडतं, हे खऱ्या प्रेक्षकांकडून घेतलं आणि मग चित्रीकरण केलं. इतकी मेहनत एका थांब्यासाठी.

हे तपासायची सोपी रीत आहे. सिनेमा घरी आला की वहीतला दोन रेघांचा एखादा प्रसंग लावा. विनोदी वाक्य संपल्यापासून पुढचं महत्त्वाचं वाक्य येईपर्यंत 'एक, दोन, तीन' असं मोजा. त्या वेळात कॅमेरा कुणावर आहे ते पाहा. चांगल्या सिनेमात तो बहुधा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथे थोडा रेंगाळतो. हसू पुष्कळदा वाक्यावर येतच नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडावरचा रंग उडताना येतं. अशोक सराफ यांची कामं या नजरेने पुन्हा पाहा. समोरचा बोलत असताना ते काय करतात, तिकडे लक्ष द्या. मग तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. शब्दांशिवायही कुणाला काय हवंय आणि कोण घाबरलंय हे कळत असेल, तर प्रसंग पक्का बांधलेला आहे.

फसलेल्या सिनेमात दोनपैकी एक दिसतं. एक तर वाक्यावर वाक्य आदळत राहतं, जणू गप्प बसलं तर प्रेक्षक उठून जातील. नाहीतर सामान्य कोटीनंतर चार सेकंदांची मोकळी जागा सोडलेली असते, आणि त्या शांततेत पॉपकॉर्नच्या पुड्याचा आवाज ऐकू येतो. त्या आवाजाइतका खरा अभिप्राय दुसरा नाही. तो वहीत जरूर टिपा.

चौकटीकडेही जाता जाता नजर टाका. शरीराचा विनोद पूर्ण माणूस दिसला तरच पोचतो. 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या जागी उभा असल्याने वाचतो. हे आपल्याला न कापता, दुरून, एका दमात दिसतं. भिंत, मग चेहरा, मग धूळ असे तुकडे केले असते तर काहीच उरलं नसतं.

पेरलंय काय आणि उगवलंय काय

द्राक्षबागेत ऑक्टोबरात छाटणी होते तेव्हा घड दिसत नाहीत, ते फेब्रुवारीकडे हातात येतात. विनोदाचंही असंच. उत्तरार्धात मोठा हशा आला की मागे जाऊन शोधा, त्याची काडी कुठे राखली होती? पहिल्या अर्ध्या तासात सहज दिसलेली किल्ली, कुणाची तरी सवय, एखादी थाप. धागा सापडला तर लेखकाला मनापासून दाद द्या. प्रत्येक हशा जागच्या जागी तयार केलेला असेल, तर इंटरव्हलनंतर प्रेक्षक का थकले याचं कारण तुम्हाला मिळालं.

हसतोय ते कुणाला

इथे मी थोडा कडक आहे. जाड मुलगी, तोतरा नोकर, काळा रंग यांवर हशा मिळतो, मी नाकारत नाही. पण तो हशा सिनेमाने कमावलेला नसतो, प्रेक्षकांच्या मनात आधीच पडून असलेला उचललेला असतो. अशा खुणांवर काट मारा आणि मग किती उरतात ते पाहा.

बोलीच्या बाबतीत हा फरक कानाला लगेच कळतो. आपल्याकडे बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या भागांत अहिराणी बोलतात. अहिराणी बोलणारा माणूस आपल्या बोलीत शहरी माणसाला फिरकीत घेतो तेव्हा सटाण्याचा प्रेक्षक सगळ्यात आधी टाळी देतो. तीच बोली 'गावंढळ' ठरवून वापरली की तो गप्प होतो. एका सिनेमाला माझ्या पुढच्या रांगेत असं एक कुटुंब होतं. पूर्वार्धात त्या घरातले आजोबा खळखळून हसत होते. नोकराच्या तोंडी मोडकीतोडकी अहिराणी आली आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्यांचे खांदे हलले नाहीत. माझ्या वहीत त्या जागी दोन रेघा होत्या, कारण बाकीचे हसले होते. मी त्या खोडल्या.

शेवटची वीस मिनिटं

मराठी विनोदी सिनेमा सगळ्यात जास्त इथे घसरतो. दीड-दोन तास धमाल चालते आणि मग सगळे अंगणात जमून आईबापांचं महत्त्व, नात्यांची किंमत, अश्रू आणि वर व्हायोलिन. गंभीर शेवटाला माझी हरकत नाही. 'जाने भी दो यारो'चा शेवट फार कडू आहे, दोन्ही निरपराध नायक कैद्याच्या कपड्यांत दिसतात. पण तो कडवटपणा पहिल्यापासून गोष्टीत मुरलेला होता, म्हणून तो उपरा वाटत नाही. तुम्ही विचारा: हा शेवट याच माणसांचा आहे की कुठल्याही सिनेमाला लावता येईल असा आहे?

गल्ला बाजूला ठेवा आणि पुन्हा बघा

'अंदाज अपना अपना' १९९४मध्ये आला तेव्हा तिकीटबारीवर चालला नाही. पुढे टीव्हीवर पाहून पाहून लोकांना तो पाठ झाला. प्रदर्शनाची वेळ, जाहिरात, समोरचा दुसरा सिनेमा, परीक्षांचे दिवस, अशा कितीतरी गोष्टी गल्ला ठरवतात. म्हणून वहीत कमाईला रकाना ठेवू नका.

त्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी तोच सिनेमा पुन्हा लावा, या वेळी घरच्यांसोबत, आणि वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने त्याच पानावर खुणा करा. काही रेघा गळतील, त्या नावीन्याच्या होत्या. काही टिकतील. आणि एखाद-दोन ठिकाणी पहिल्या वेळी काहीच नव्हतं तिथे नवी रेघ उमटेल, कारण पुढे काय होणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे आणि त्या पात्राला नाही. आमच्या पार्किंगमधला हशा तिथलाच होता. त्या नव्या रेघांखाली प्रसंग सविस्तर लिहा: कोण कुठे उभं होतं, कोण काय लपवत होतं, कॅमेरा कुणावर थांबला. पुढच्या रविवारी शोला जाताना आधी ते पान वाचा.