बाटली उघडण्याआधी गुडघ्यावर बसा

मैदानं आणि लॉनच्या निगराणीच्या कामाला लागलो, त्या पहिल्याच हंगामात मी चुकीचं औषध मारलं. हिरवळीवर ताटाएवढे पिवळट-तपकिरी डाग पडले होते. बुरशीच असणार, असं मनाशी धरून बुरशीनाशक फवारलं. डाग वाढले, म्हणून परत फवारलं. शेवटी सोबतच्या जुन्या माळीदादांनी डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं, तर सतरंजी उचलावी तसा तुकडा वर आला. खाली हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी होती, पांढरी, अर्धगोल वळलेली, आणि मुळं सगळी खाल्लेली. औषध वाया गेलं त्यापेक्षा मला लागलं ते हे, की जिथे मुलं रोज अनवाणी खेळतात तिथे मी दोनदा विनाकारण विष टाकलं होतं.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी फवारणीच्या पंपाबद्दल आधी सांगतच नाही. आधी गुडघ्यावर बसा आणि गवत बघा. ओढल्यावर सहज सुटतंय का? गवताच्या पात्याचं टोक फाटून पांढरट पडलंय का? तसं असेल तर दोष कापणी यंत्राच्या बोथट पात्याचा, त्यावर औषध नाही. सकाळी दव असताना कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का? मग बुरशीचा संशय घ्या. गवतात लपलेल्या लष्करी अळ्यांसाठी बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळून चौरस मीटरभर जागेवर ओता. दहा मिनिटांत अळ्या वर येतात. आणि चौरस फुटात दोन-तीन हुमणी सापडल्या म्हणून धावू नका. मुळं खोल असलेलं निरोगी गवत तेवढं सोसतं.

औषध निवडताना तणांचं उदाहरण घ्या. २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर चालतं आणि मात्रा पाळली तर बहुतेक गवतं वाचतात. ग्लायफोसेट मात्र हिरवं दिसेल ते मारतं. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण दांडी बोटांत फिरवून पाहा, तीन धारा लागतील. तो गवत नव्हे आणि रुंद पानाचाही नव्हे. त्याच्यावर हॅलोसल्फ्युरॉनसारखं वेगळंच औषध लागतं. लेबलवर तुमचं तण किंवा कीड आहे आणि हिरवळीवरचा वापरही लिहिलाय, हे दोन्ही जुळल्याशिवाय बाटली घेऊ नका. शेतातल्या पिकावर चालतं म्हणून लॉनवर चालेल, असं होत नाही.

गवतावर पडलेलं औषध कोणाच्या पोटात जाईल, हाही विचार करायचा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या एका गोल्फ मैदानावर डायझिनॉन हे कीटकनाशक मारलेलं गवत खाऊन शेकडो ब्रँट जातीचे हंस मेले. पुढे अमेरिकेत गोल्फ मैदानांवर ते वापरणंच बंद करण्यात आलं. हुमणीसाठी इमिडाक्लोप्रिड वापरत असाल तर आधी क्लोव्हरसारखी फुललेली तणं कापून घ्या, मधमाश्या त्या फुलांवर असतात. आणि लेबलवर सांगितलंय तसं पाणी द्या, म्हणजे औषध पानांवर न राहता मुळांशी जाईल.

मात्रेत सगळ्यात जास्त चुका होतात, कारण माणसं झाकणाने मोजतात. मी असं करतो. १० बाय १० मीटरचा चौकोन आखतो, पंपात साधं पाणी भरतो आणि नेहमीच्या चालीने फवारतो. समजा ५ लिटर लागलं. म्हणजे १५ लिटरचा पंप ३०० चौरस मीटर पुरवतो. लेबल हेक्टरी २ लिटर म्हणत असेल तर एका पंपाला ६० मिली, आणि तेही मापकाने. नोझल बदललं किंवा फवारणारा माणूस बदलला की हे परत करायचं. प्रत्येकाची चाल वेगळी.

वाऱ्याबद्दल एक समज खोडून काढायला हवा. पहाटेची अगदी स्तब्ध हवा सुरक्षित नसते. जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असते, तेव्हा बारीक थेंब त्या थरात अडकून भलतीकडे सरकतात. ऊन वर आल्यावर ताशी ५ ते १५ किलोमीटरची एकसारखी झुळूक, तीही टोमॅटो किंवा द्राक्षासारख्या नाजूक पिकांपासून दूर वाहणारी, ही मला सर्वांत चांगली वेळ वाटते. पारा ३० अंशांच्या वर गेला की २,४-डीचा एस्टर प्रकार मी हातात घेत नाही, त्याची वाफ उडते. तणनाशकासाठी जाड थेंबांचं सपाट फवाऱ्याचं नोझल लावतो आणि त्याचा पंप वेगळाच ठेवतो. एकाच पंपाने आधी तणनाशक आणि नंतर फुलझाडांवर फवारणी झाली, की झाडं वेडीवाकडी होतात.

नायट्राईलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी बूट, चष्मा हे तर लागतंच. पँट बुटांच्या बाहेर ठेवा. आत खोचली तर ओघळ थेट पायावर उतरतो. घट्ट द्रावण ओततानाचा क्षण सगळ्यात धोक्याचा, तेव्हा हातमोजे काढून चालत नाही. कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. चक्कर, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर काम थांबवून दवाखाना गाठा, आणि बाटलीचं लेबल सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच विचारतात.

फवारा पूर्ण वाळेपर्यंत, किंवा लेबल जास्त वेळ सांगत असेल तर तोवर, हिरवळ बंद ठेवा आणि पाटी लावा. तणनाशक मारलेलं कापलेलं गवत कंपोस्टात टाकू नका. क्लोपायरॅलिडसारखी औषधं खतात महिनोन्महिने टिकतात. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा. आणि त्याच दिवशी वहीत तारीख, औषध, मात्रा, वारा आणि किती जागा फवारली, हे लिहा. पुढच्या वेळी वेगळ्या गटाचं, म्हणजे किडीवर वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध निवडायला हीच वही लागते, नाहीतर कीड त्याच औषधाला सरावते.