शंभर मायक्रोलिटर प्रथिनाचे डायलिसिस: आदल्या दिवशीची तयारी

निकेल कॉलमवरून (शुद्धीकरणाच्या स्तंभावरून) उतरवलेल्या हिस्टिडिन-टॅगच्या, म्हणजे निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी जोडलेल्या, प्रथिनातून ते उतरवायला वापरलेले २५० मिलिमोलर इमिडॅझोल डायलिसिसने, म्हणजे लहान रेणू सच्छिद्र पटलातून बाहेरच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) जाऊ देऊन, काढायचे असेल आणि नमुना जेमतेम १०० मायक्रोलिटर असेल, तर सगळी तयारी आदल्या दिवशीच आटोपावी. एवढ्याशा नमुन्यात चूक निस्तरायला काही शिल्लक उरत नाही.

पटलाचा कटऑफ, म्हणजे ज्याहून जड रेणू पटल अडवते ते वजन, प्रथिनाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नसावा. ६६ किलोडाल्टनच्या सीरम अल्ब्युमिनला १० किलोडाल्टनचे पटल चालते, १४.३ किलोडाल्टनच्या लायसोझाइमला मात्र ३.५ चेच घ्यावे. तळाशी पटल असलेला लहान कप या आकारमानाला सोयीचा असतो. तो आधी पाण्याने धुऊन, आत बफर भरून गळत नाही ना हे पाहावे. नमुन्यात ग्लिसरॉल किंवा युरिया भरपूर असेल, तर पाणी आत ओढले जाऊन आकारमान वाढते, म्हणून कप काठोकाठ न भरता चालेल असाच निवडावा.

खरा विचार बफरचा करावा लागतो. एक लिटर बफरमध्ये एकदाच डायलिसिस केल्यास इमिडॅझोल सुमारे २५ मायक्रोमोलरपर्यंत उतरते, पण दोनदा प्रत्येकी ५० मिलिलिटर ताजा बफर वापरल्यास, दोन्ही वेळा समतोल साधला गेला असे धरून, ते एक मायक्रोमोलरच्या आसपास येते; तेव्हा मोठ्या बीकरपेक्षा बफर बदलण्याची वेळ पाळणे अधिक मोलाचे. पहिला बफर दोन तासांनी बदलावा आणि दुसरा रात्रभर ४ अंशांवर ठेवावा. ट्रिस हा बफर वापरत असल्यास त्याचा पीएच थंड बफरमध्येच जुळवावा, कारण २५ अंशांवर ८.० असलेला ट्रिस ४ अंशांवर ८.६ च्या जवळ जातो. बफरचा पीएच प्रथिनाच्या समविद्युत बिंदूपासून (ज्या पीएचला त्याचा एकूण विद्युतभार शून्य असतो त्यापासून) दूर आहे याची खात्री करावी, नाहीतर सकाळी कपात पांढरा साका दिसतो. डीटीटी (प्रथिनाचे ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) वापरायचे असल्यास ते ऐनवेळी घालावे. नमुन्यातले ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट या मार्गाने निघेल अशी आशा ठेवू नये, त्याचे मायसेल (रेणूंचे पुंजके) पटलातून जात नाहीत.

कप फ्लोटरमध्ये (तरंगत्या चकतीत) बसवून बफरवर ठेवताना पटलाखाली हवेचा बुडबुडा अडकला नाही हे वाकून पाहावे, कारण तेवढ्या जागेपुरती देवाणघेवाण थांबते. स्टरर मंद ठेवावा आणि पिपेटचे टोक पटलाला लागू देऊ नये.

नंतर जेलवर तुलना करून पाहण्यासाठी मूळ नमुन्यातले ५ मायक्रोलिटर बाजूला काढून बर्फात ठेवावेत. इमिडॅझोल २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषत असल्याने डायलिसिसच्या आधीचे प्रथिनाचे मोजमाप ब्रॅडफर्डने (रंगद्रव्याच्या चाचणीने) करावे. नंतर २८० ला मोजताना ब्लँक (शून्य ठरवणारे, प्रथिन नसलेले द्रावण) म्हणून शेवटचाच बफर घ्यावा आणि त्यासाठी त्यातला एक मिलिलिटर टाकून न देता जपून ठेवावा.