अलिबागचा कुलाबा आणि मुरुडचा जंजिरा: या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "रविवारी सकाळी गेटवेहून लाँच पकडतो, कुलाबा किल्ला करतो, जेवून जंजिरा, जाता जाता नवाबाचा राजवाडा, रात्री दादरला घरी. होईल ना?"

होत नाही. गेली पंधरा वर्षं सोसायटीतल्या, ऑफिसातल्या आणि सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन मी त्या बाजूला जातोय आणि तेच ते घोळ बघतोय. एक जण तर "कुलाबा किल्ला" म्हणून मुंबईतल्या कुलाबा कॉजवेवर जाऊन उभा राहिला होता. तो निदान सुका तरी घरी आला.

ओहोटीची वेळ म्हणजे निघायची वेळ, असं समजणं

कुलाबा पाण्यात आहे, ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक त्याच्या पुढे होते. मोबाइलवर 'ओहोटी १:४५' दिसलं की लोक पावणेदोनला किनाऱ्यावर हजर, जणू तेव्हा कुणी दार उघडणार आहे. अहो, पावणेदोनला पाणी तळाला गेलेलं असतं. तिथून पुढे ते येतच राहतं. आणि एका गतीनं येत नाही, हीच मेख. पहिल्या तासात जेमतेम हलतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात चढतं.

आमचे साडूभाऊ असेच निर्धास्त. तिथी दशमी, मी म्हणत होतो बाराला निघू. त्यांना आधी सुरमईची थाळी हवी होती. "ओहोटी पावणेदोनला आहे ना? मग घाई कसली?" थाळी झाली, सोलकढी झाली, वर आणखी एक सोलकढी झाली. आम्ही वाळूत उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. किल्ल्यात मावशी सिद्धिविनायकापुढे बसल्या. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं देऊळ आहे, शांत आहे, तिथून कुणाला उठवायला जीव होत नाही. साडूभाऊ उत्तरेच्या तटावर गाड्यावरच्या दोन तोफांपाशी फोटो काढत होते, "कान्होजींच्या तोफा" म्हणून. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे गेले १७२९ मध्ये. तोफांवर इंग्लंडातल्या कारखान्याचं नाव आणि १८४९ साल कोरलेलं आहे. हे सांगण्यात माझीही पाच मिनिटं गेली, कबूल.

चारला दरवाज्यात आलो तर मघाशी चालत आलो ती वाट दिसेना. पायी जायला पाणी जास्त, होडीला कमी. शेवटची घोडागाडी निघाली होती, तिला हाका मारून थांबवलं. घोड्याच्या पोटाला पाणी लागत होतं, गाडीवाला घोड्याला कमी आणि आम्हालाच जास्त ओरडत होता. मावशींनी चपला छातीशी धरलेल्या. साडूभाऊंचा फोन खिशातच भिजला, तोफांसकट. परतीची मांडवा बंदरावरून ठरवलेली लाँच अर्थातच गेली.

तेव्हापासून माझी सवय एकच. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास वाळूत उतरायचं आणि जी वेळ मोबाइल दाखवतो त्या वेळेला किल्ल्याच्या दरवाज्यातून परत फिरायचं. देऊळ, तोफा, गोड्या पाण्याची पुष्करणी, आंग्र्यांच्या वाड्याचे अवशेष, सगळं तेवढ्यात नीट होतं.

बुकिंगच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. दशमी म्हणजे साडेसात, ती भरतीची वेळ; त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेदोन. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब, पण ढोबळ; नेमकी वेळ इकडेतिकडे होते. मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला दशमी-एकादशी सोयीची. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते, म्हणून लोक भुलतात, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते. पाणी पुरतं ओसरत नाही. पौर्णिमेला उलट. पाणी लांबवर मागे जातं खरं, पण संध्याकाळी साडेपाचला. काय उपयोग?

कुलाबा आणि जंजिरा एकाच दिवसात

अलिबाग ते मुरुड पन्नासेक किलोमीटर. नकाशावर तासाभराचं वाटतं. चौल, रेवदंडा, काशीद करत वळणं घेत जाताना दोन तास मोडतात, रविवारी जास्तच. मग राजापुरीला शिडाच्या होडीची रांग. ती भरल्याशिवाय निघत नाही. आणि किल्ल्यात पोचलात की होडीवाला सांगतो, पाऊण तासात परत या.

पाऊण तासात काय बघणार? दरवाज्याशी हत्तींना पंजात धरलेला शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव, सुरुलखानाच्या वाड्याचे पडके मजले. या किल्ल्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमाराला राजापुरीच्या बाजूनं खाडीत भराव टाकायला घेतला होता. तरी तो जंजिऱ्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांकडून सुटला नाही. थेट १९४८ ला त्यांचं संस्थान भारतात विलीन झालं. आणि आमची मंडळी तो दोन रील काढून 'करून' येतात. मला हा 'किल्ला केला' शब्दच सोसत नाही. मुरुडला मुक्काम करा, सकाळची पहिली होडी धरा. मुक्काम जमत नसेल तर जंजिरा पुढच्या वेळी. तो कुठे जात नाही.

मुरुडचा, याच सिद्दी नवाबाचा राजवाडा खासगी आहे, आत सोडत नाहीत. रस्त्यावरून दिसतो तेवढा बघा. "ओळख आहे" म्हणून फाटकाशी हुज्जत घालणारे मी पाहिलेत, सगळे बाहेरच राहिले.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद, गेटवेच्या लाँचही बंद. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) मिळते, पण पलीकडे जाऊन किल्ला लांबूनच बघायचा.

कुलाब्याच्या वाटेवर अनवाणी चालू नका, खडकाला चिकटलेली कालवं पाय कापतात. रबरी स्लिपर चिखलात राहते. मागे पट्टा असलेली सँडल घाला.

साडूभाऊंचा परवा फोन आला होता. आता ते आधी तिथी विचारतात. पण थाळी जाण्याआधी खायची की आल्यावर, यावर अजून वाद चालू आहे.