पॉडकास्टच्या ॲपला अपडेट आला? अनइन्स्टॉल करायच्या आधी हे वाचा, या चुका टाळा

मागच्या रविवारी सकाळी सकाळी मामांचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. "अरे, ते ऐकायचं ॲप अपडेट झालं अन् माझं सगळंच गेलं बघ." मामा नागपुरात मानेवाड्याला राहतात, रिटायर झाल्यापासून रोज फिरताना कीर्तनं, शेतीच्या गप्पा, इतिहासाच्या मालिका ऐकतात, चार वर्षांत शोधून शोधून साठेक पॉडकास्ट जमवले होते त्यांनी. मी विचारलं, मामा नेमकं काय केलं तुम्ही? तर म्हणाले, "बटणं इकडची तिकडे झाली होती, आवाज मधेच बंद पडून राहिला होता, म्हणून काढून टाकलं अन् पुन्हा डाउनलोड केलं." घोळ तिथेच झाला. अपडेटने त्यांचं काहीच नेलं नव्हतं, जे गेलं ते ॲप काढल्यामुळे गेलं.

मला हे मनापासून लागलं, कारण सेटिंगमधल्या दोन गोष्टी पाहिल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतोय, घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर तरी एकदा तपासून घ्याच.

आधी यादी वाचवा, मग काय ते करा

ॲप अनइन्स्टॉल केलं की ॲपच्या स्वतःच्या जागेत जे जे साठवलेलं असतं ते बहुतेक सगळं जातं, म्हणजे डाउनलोड केलेले एपिसोड, कुठपर्यंत ऐकलं ती खूण, रांगेत लावलेले भाग, आवडते म्हणून ठेवलेले भाग. तुम्ही अकाउंट बनवून लॉगिन केलं असेल अन् ॲपमध्ये सिंकची, म्हणजे यादी अकाउंटवर जपून ठेवण्याची सोय असेल तर पुष्कळसं परत येतं, पण मामांसारखे कितीतरी लोक लॉगिन न करताच वर्षानुवर्षं ऐकत राहतात, त्यांचं मग कुठेच काही नसतं.

यावर उपाय अगदी सोपा आहे. जवळपास प्रत्येक पॉडकास्टचा इंटरनेटवर एक आरएसएस पत्ता असतो अन् तुमचं ॲप म्हणजे मुळात त्या पत्त्यांची वही असते, नवीन भाग आला का ते त्या त्या पत्त्यावर जाऊन बघतं. ही अख्खी वही एका छोट्याशा फाइलमध्ये बाहेर काढता येते, तिला ओपीएमएल म्हणतात. बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगमध्ये इम्पोर्ट-एक्सपोर्ट असा पर्याय असतो, तिथून फाइल काढायची अन् स्वतःलाच मेल करून ठेवायची, फोनमध्येच ठेवली अन् फोनच गेला तर काय उपयोग. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं तेव्हा लोकांनी आपल्या याद्या याच फाइलने दुसऱ्या ॲपमध्ये नेल्या होत्या.

पण एक लक्षात ठेवा, ओपीएमएलमध्ये फक्त यादी येते, कुठला भाग किती मिनिटांवर सोडला होता ते त्यात येत नाही. त्यासाठी पूर्ण बॅकअप लागतो, अँटेनापॉडसारख्या काही ॲपमध्ये डेटाबेस एक्सपोर्ट म्हणून वेगळी सोय आहे, असेल तर दोन्ही काढा.

अन् ॲप अडकलं तर क्रम असा ठेवायचा: आधी ॲप पूर्ण बंद करून उघडा, मग फोन रिस्टार्ट करा, तरी नाही झालं तर क्लिअर कॅशे. तिथे जरा डोळे उघडे ठेवा कारण त्याच्याच बाजूला क्लिअर डेटाचं किंवा क्लिअर स्टोरेजचं बटण असतं, अन् ते दाबलं म्हणजे ॲप काढून टाकल्यासारखंच झालं. कॅशे म्हणजे तात्पुरता पसारा, तो गेला तरी चालतं, डेटा म्हणजे तुमची वही.

स्क्रीन बंद झाली की आवाजही बंद

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. मी स्वतः सुभाष नगरहून मेट्रोत बसतो, फोन खिशात टाकला की शंकर नगर येईपर्यंत आवाज गायब, पुन्हा फोन काढा, पुन्हा सुरू करा, बर्डीला पोहोचेपर्यंत हेच चाललेलं. मला वाटलं नवीन व्हर्जनच खराब आहे. तसं नव्हतं. अँड्रॉइड ६ पासून म्हणजे २०१५ पासून फोन बॅटरी वाचवायला मागे चालणाऱ्या ॲपना झोपवतो, अन् काही कंपन्यांचे फोन तर याच्याही पुढे जाऊन चालू असलेलं ॲपच बंद करून टाकतात. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात आपलं ॲप, त्यात बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड निवडा. काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून वेगळं बटण असतं, तेही चालू करा. माझा त्रास तिथेच संपला, त्या दिवसापासून लोकमान्य नगर ते प्रजापती नगर असा पूर्ण प्रवास केला तरी आवाज तुटत नाही.

याच्याशीच जोडलेली अजून एक चूक म्हणजे दर थोड्या वेळाने सेटिंगमध्ये जाऊन फोर्स स्टॉप, म्हणजे ॲप जबरदस्तीने बंद करत बसणं. फोर्स स्टॉप केलेलं ॲप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत मागे काहीच करत नाही, मग सकाळी नवीन भाग डाउनलोड झालेला नसतो अन् आपण म्हणतो अपडेटने बिघडवलं.

नवीन भागाची सूचना येत नसेल तर नोटिफिकेशनची परवानगी बघा. अँड्रॉइड १३ पासून ॲपला ती मागावी लागते अन् घाईत नाही वर बोट पडतं. गंमत अशी की परवानगी नसली तरी चालू असलेल्या ऑडिओची प्ले-पॉजची पट्टी दिसत राहते, त्यामुळे लोकांना वाटतं सूचना तर चालू आहेत.

पुढचं बटण जपून दाबा

आता मामांच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, कारण ही बारीक गोष्ट फार त्रास देते. त्यांच्या हेडफोनवर दोनदा टिचकी मारली की आधी ३० सेकंद पुढे जायचं, अपडेटनंतर मात्र थेट पुढचा भाग सुरू व्हायला लागला. अन् ॲपमध्ये, ऐकून झालं की डिलीट, हे चालू होतं. म्हणजे कीर्तनातली जाहिरात टाळायला टिचकी मारली की ॲपच्या हिशेबाने तो भाग संपला अन् फाइलही गेली! मामा म्हणाले, "काहून गायब होऊन राहिले समजतच नव्हतं." बऱ्याच ॲपमध्ये हेडफोनच्या पुढच्या बटणाने काय व्हावं ते ठरवता येतं, तिथे पुढे सरकणे निवडा. अन् ऑटो डिलीट निदान नवीन व्हर्जनची सवय होईपर्यंत बंदच ठेवा.

स्पीडचंही तसंच. एक स्पीड सगळ्यांसाठी असतो अन् एक त्या त्या पॉडकास्टपुरता, दोन्ही वेगळे. बातम्या दीडपटीने ऐकल्या तर तासाचा भाग ४० मिनिटांत संपतो, छान आहे. पण तोच वेग कीर्तनाला लागला तर अभंगाची पार वाट लागते. ट्रिम सायलेन्स म्हणजे बोलण्यातले थांबे कापणारं फीचर तर गोष्टी अन् गाणं असलेल्या भागांना लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, बुवा जिथे श्वास घेऊन थांबतात तिथेच तर अर्थ पोहोचतो.

डेटाबद्दल थोडक्यात: १२८ केबीपीएस दर्जाच्या आवाजाचा तासाभराचा भाग साधारण ५८ एमबीचा असतो. ऑटो डाउनलोड चालू राहिलं अन् ॲपने वीस जुने भाग ओढले तर १.१६ जीबीच्या आसपास गेलं, दीड जीबीच्या रोजच्या पॅकमधलं बरंचसं तिथेच संपतं. फक्त वायफायवर डाउनलोड, एवढं एक बटण चालू करा. समृद्धीने निघणार असाल तर आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर भाग उतरवून घ्या, रस्त्यात नेटवर्क सगळीकडे सारखं मिळत नाही.

मित्राने सांगितलं ३२व्या मिनिटाला ऐक अन् तुमच्याकडे तिथे भलतंच काही चालू असेल तर तो प्लेअरचा दोष नाही. बऱ्याच पॉडकास्टमध्ये जाहिराती डाउनलोडच्या वेळी आत घातल्या जातात, प्रत्येकाला वेगळ्या, म्हणून वेळ पुढेमागे होते.

अन् नागपुरात राहतो तर हेही सांगतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापतो, चार्जिंग थांबतं, ॲप अडखळतात. आयफोनसाठी ॲपलने वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलंय, आपल्याकडे तर मार्चमध्येच त्याच्या वर जातं. आधी फोन सावलीत थंड होऊ द्या, मग अपडेटचं बघा.

तक्रार करायची तर अशी करा

एक स्टार देऊन नुसतं "चालत नाही" लिहिलं तर बनवणाऱ्याला काय कळणार? बरेच चांगले पॉडकास्ट प्लेअर दोन-चार लोक मिळून, कित्येकदा फुकटात बनवतात. ॲपचं व्हर्जन, अँड्रॉइडचं व्हर्जन, फोनचं मॉडेल, काय दाबलं अन् काय झालं, एवढं लिहा. शेजाऱ्याला अपडेट आला अन् तुम्हाला नाही तर घाबरू नका, प्ले स्टोअरवर अपडेट टप्प्याटप्प्याने सोडता येतात. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणी नवीन ॲपची फाइल पाठवली म्हणून ती टाकून घेऊ नका, बिलकुल नको.

मामांकडे त्याच संध्याकाळी गेलो. आठवून आठवून, जुने व्हॉट्सॲप मेसेज चाळून ४३ पॉडकास्ट परत लावले, ओपीएमएल काढून त्यांच्या मेलवर पाठवली, बॅटरीचं सेटिंग बदललं. एक कीर्तनाची मालिका अजून सापडली नाहीये, मामांना बुवांचा आवाज आठवतो पण नाव आठवत नाही, शोधणं चालू आहे.